बार्शी लाइट रेल्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्डुवाडीपासून वर लातूरपर्यंत आणि खाली मिरजेपर्यंत, कुठल्याही गावात जुन्या रेल्वेचा विषय काढा, अर्ध्या तासात हेच प्रश्न पुढे येतात. उत्तरंही लगेच मिळतात, पण त्यातली निम्मी ऐकीव असतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

बार्शी लाइट म्हणजे नेमकं काय?

लंडनमध्ये नोंदलेली एक खासगी रेल्वे कंपनी आणि तिने सोलापूर जिल्ह्यात व आसपास चालवलेली अडीच फुटी रुळांची लाइन. कंपनी १८९५ साली नोंदली गेली. पहिली गाडी मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी धावली. तो टप्पा होता २१ मैलांचा, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरचा. पुढच्या तीस वर्षांत लाइन पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली आणि एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर झाली. एका तालुक्याच्या गावाचं नाव घेऊन इतकी लांब गेलेली दुसरी कंपनी निदान आपल्याकडे तरी मला आठवत नाही.

'लाइट' म्हणजे दिव्याची गाडी का?

नाही. लाइट म्हणजे हलकी. रूळ हलके, पूल हलके, खर्च हलका. गाडी मात्र कामाला हलकी नव्हती. ते पुढे येईलच.

मुंबई-मद्रास मेन लाइन बार्शीवरून का गेली नाही? बार्शी तर मोठी पेठ होती.

पेठ मोठी होती, पण मेन लाइन आखताना एकेका पेठेची सोय बघितली जात नसे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, पुण्याहून दौंड-दिकसाल करत १८६० मध्ये सोलापूरला पोचली. बार्शी बाजूला राहिली. मग बार्शीच्या मालासाठी जे जवळचं स्टेशन होतं त्याला नाव दिलं 'बार्शी रोड'. तेच आजचं कुर्डुवाडी.

रेल्वेच्या भाषेत 'रोड' हा शब्द दिसला की ओळखायचं: गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो. या लाइनवर पुढे जत रोड आणि कळंब रोडही झाले. बार्शी रोडच्या बाबतीत हा रस्ता चौतीस किलोमीटरचा होता आणि तो बैलगाडीने कापायचा. बालाघाटाच्या वरून, निजामाच्या मुलखातून येणारा कापूस, करडई, जवस, धान्य आधी बार्शीत उतरायचं, आडत्यांकडून विकलं जायचं आणि मग पुन्हा गाड्यांवर लादून बार्शी रोडला. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की रुतली. ज्याने चिखलात आसापर्यंत गेलेलं चाक खांदा लावून काढलंय त्याला बार्शीच्या व्यापाऱ्यांना रेल्वे का हवी होती हे वेगळं सांगायला नको.

ही लाइन कोणी बांधली?

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने. जन्म १८५७ चा. इंग्लंडमध्ये क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून तो १८८२ मध्ये जीआयपीत इंजिन खात्यात नोकरीला लागला. त्याच्या डोक्यात एकच विषय होता: मेन लाइनच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या पेठांना स्वस्त फाटे काढायचे. बार्शी त्याला नमुना म्हणून सापडली. माल भरपूर, जमीन बऱ्यापैकी सपाट आणि अंतर बेताचं. पुढे त्याने जीआयपीची नोकरी सोडली, सल्लागार म्हणून काम सुरू केलं आणि बरीच वर्षं पाठपुरावा करून कंपनी उभी केली.

बार्शीत अजूनही काही जण 'साहेबाने आपल्या गावासाठी रेल्वे आणली' असं सांगतात. साहेबाला गावाबद्दल ममत्व असेलही. पण ही कंपनी होती, भागधारक लंडनचे होते आणि कापसाच्या भाड्यावर त्यांना परतावा हवा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

रूळ अडीच फुटीच का? पैसे वाचवायला?

लोक इथेच चुकतात. अरुंद रूळ म्हणजे गरिबाची रेल्वे, खेळण्यातली गाडी असं समजतात. कॅलथ्रॉपचा मुद्दा वेगळा होता आणि या सगळ्या इतिहासातला तोच सगळ्यात रंजक भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रुळावर भार पडतो तो चाकांच्या जोडीमागे, म्हणजे एका आसामागे. त्या काळच्या बहुतेक लाइनींवर इंजिनाच्या आसांवर भरमसाठ वजन असे आणि डब्यांच्या, वाघिणींच्या (म्हणजे मालडब्यांच्या) आसांवर त्या मानाने कमी. रूळ आणि पूल मात्र इंजिनाच्या हिशेबाने जाडजूड घालावे लागत. दिवसातून चारदा इंजिन जाणार म्हणून सगळी लाइन त्याच्या मापाची. कॅलथ्रॉपचं म्हणणं, हा पैसा जमिनीत गाडण्यासारखं आहे.

त्याने नियम घातला: एका आसावर पाच टन, त्यापेक्षा जास्त नाही. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, मर्यादा सगळ्यांना एकच. मग इंजिन ताकदवान हवं असेल तर ते जड करायचं नाही, त्याला आस वाढवायचे. लीड्सच्या किट्सन कंपनीने बार्शीसाठी सुरुवातीला पाच इंजिनं बनवली. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एकमेकांना जोडलेल्या चालत्या चाकांच्या चार जोड्या, मागे नुसत्या आधाराच्या दोन जोड्या. सहा आस गुणिले पाच टन, म्हणजे इंजिन तीस टनांच्या आत बसलं आणि तरीही ओढायला दणकट निघालं. वाघिणींचा सांगाडा दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचा, खाली बोगी, म्हणजे वळणावर फिरणारा चाकांचा गाडा. स्वतःचं वजन कमी, त्यामुळे पाच टनांच्या मर्यादेत माल जास्त.

आणि हे सगळं धावायचं कशावर? यार्डाला ३० पौंड वजनाच्या रुळांवर. मीटरला जेमतेम १५ किलो. मेन लाइनचे रूळ याच्या दुपटीहून जड असायचे. भारतात पाठवण्याआधी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीची लाइन टाकून हे डबे-इंजिन रेल्वेच्या जाणकारांना चालवून दाखवले. बार्शीकरांना त्याचं फारसं कौतुक नसेल, पण सोलापूर जिल्ह्यातल्या एका फाट्यासाठी बनलेली गाडी बघायला इंग्लंडमधले इंजिनिअर येत होते.

तर पैसे वाचवले का? वाचवले. पण काटकसर रुळाच्या रुंदीत नव्हती, वजनाच्या वाटणीत होती.

पंढरपूरला गाडी कधी गेली?

१९०६ मध्ये. कुर्डुवाडीहून मोडनिंबमार्गे, साधारण पन्नास किलोमीटर. त्याआधी मुंबई-पुण्याकडून किंवा सोलापूरच्या बाजूने रेल्वेने येणारा वारकरी बार्शी रोडला उतरायचा आणि पुढे बैलगाडीने नाहीतर पायी जायचा. दिंडीत चालणाऱ्याला चालण्याचं काय, पण म्हातारं माणूस, लेकुरवाळी बाई यांच्यासाठी ते पन्नास किलोमीटर मोठे होते.

कंपनीच्या दृष्टीने मात्र ही लाइन विचित्र होती. कापूस हंगामात येतो आणि काही महिने येत राहतो. वारकरी एकादशीला येतो. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, एवढ्या चार वाऱ्यांना स्टेशनावर पाय ठेवायला जागा नाही आणि द्वादशी उलटली की सगळ्यांना एकाच दिवशी परत जायचंय. तेवढ्या गर्दीसाठी वर्षभर डबे उभे करून ठेवणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. जत्रेच्या दिवसांत माणसं मालडब्यांत भरतात, ही त्या काळी देशभरातल्या यात्रेकरूंची तक्रार होती.

माझी आजी पांगरीची. ती सांगायची की वारीच्या गाडीत बसायला जागा शोधायची नसते, बसलेल्यांनी वर ओढून घ्यायचं असतं. खिडकीतून आधी बोचकं, मग पोर, मग आपण. परत येताना प्रत्येकाच्या गाठोड्यात चुरमुरे-बत्तासे आणि बुक्क्याची पुडी, म्हणून डब्याला दोन दिवस बुक्क्याचा वास यायचा.

लातूर तर निजामाच्या राज्यात होतं. तिथे ही कंपनी कशी गेली?

बार्शीच्या पुढे येडशी, कसबे तडवळे, ढोकी, मुरूड करत लाइन १९११ मध्ये लातूरला पोचली. हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात. कारण उघड आहे: बार्शीत उतरणारा निम्मा माल त्याच बाजूने येत होता, तर गाड्यांची वाट बघण्यापेक्षा रूळच तिकडे न्यावेत. याचा फायदा लातूरला इतका झाला की पुढे लातूरचा मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार, स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि बार्शीच्या आडत्यांची मक्तेदारी ढिली पडली. रेल्वे ज्या गावाच्या नावाची, त्याच गावाचा व्यापार तिने थोडा पुढे सरकवून दिला.

हद्द ओलांडली की निजामाचं जकात खातं, म्हणजे करोडगिरी. नाणंही वेगळं, हाली. एकाच गाडीत बसून माणूस दोन राज्यांतून जायचा.

या लाइनवरच्या कसबे तडवळ्याला १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. तडवळ्याचं स्टेशन 'कळंब रोड' या नावाने ओळखलं जातं, त्यामुळे बाहेरच्या अभ्यासकांना हे गाव नकाशावर पटकन सापडत नाही.

लातूर आणि लातूर रोड एकच ना?

नाही! या गोंधळात पाहुणे चुकीच्या स्टेशनावर उतरलेत. लातूर रोड हे लातूरपासून तीसेक किलोमीटर लांब, विकाराबाद-परळी या निजामाच्या ब्रॉडगेज (रुंद रुळांच्या) लाइनवरचं स्टेशन. बार्शी लाइट लातूर गावात येऊन संपायची. दोघांची गाठ अनेक दशकं पडलीच नाही.

आणि मिरज?

१९२७. पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ करत. मिरजेला आधीपासून मीटरगेज (मीटरभर रुंदीच्या रुळांची लाइन) होती, पुणे-बेळगाव बाजूची. त्यामुळे आता बार्शी लाइटचं एक टोक मेन लाइनला आणि दुसरं दक्षिणेकडच्या लाइनला भिडलं. १९७१ मध्ये पुणे-मिरज ब्रॉडगेज झाल्यावर मिरज जंक्शनात तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी आले: ब्रॉड, मीटर आणि नॅरो. रेल्वेचं वेड असलेली माणसं तेवढ्यासाठी मिरजेला यायची.

कुर्डुवाडीला माल कसा बदलायचा?

पाठीवर. नॅरोगेजची वाघीण ब्रॉडगेजवर जाऊ शकत नाही, म्हणून दोन वाघिणी धक्क्याच्या दोन बाजूंना उभ्या करायच्या आणि हमालांनी एकीतून दुसरीत पोती न्यायची. कापसाच्या गाठी, सरकी, गूळ, सिमेंट, खत, सगळं असंच. दोन मापांच्या लाइनींचा खरा तोटा हाच. भाड्यात जे वाचतं त्यातलं थोडं या धक्क्यावर जातं, शिवाय पोतं फुटतं, भिजतं, एखादं हरवतं.

पण त्याच तोट्यावर कुर्डुवाडी गाव जगलं. हमाल, गाडीवान, खलाशी, फिटर, हॉटेलवाले. शिवाय नॅरोगेजच्या डब्यांचा रेल्वे कारखाना. साधं वाटेवरचं स्टेशन होतं, त्याचं रेल्वेचं गाव झालं.

गाडी इतकी हळू का चालायची? चालत्या गाडीतून उतरून परत चढता यायचं हे खरं का?

ही गोष्ट प्रत्येक नॅरोगेजच्या गावात सांगतात. पुढच्या डब्यातून उतरायचं, शेतातली बोरं तोडायची आणि मागच्या डब्यात चढायचं. माझ्या मामाने मला ती स्वतःचा अनुभव म्हणून सांगितली. नंतर तीच गोष्ट मी यवतमाळच्या मित्राकडून ऐकली, बोरांच्या जागी संत्री होती.

गाडी हळू होती, यात वाद नाही. हलके रूळ, पुष्कळ थांबे आणि समोरून येणाऱ्या गाडीसाठी ताटकळणं, कारण लाइन एकेरी. पण 'हळू' हा शब्द तुलनेचा आहे. १८९७ मध्ये तिची तुलना बैलगाडीशी होती आणि बैलगाडीपुढे ती वाऱ्यासारखी होती. १९८० मध्ये तुलना एसटीशी सुरू झाली आणि एसटी बाजूच्या डांबरी सडकेवरून हॉर्न मारत पुढे निघून जायची. गाडी होती तिथेच होती, शेजारचा रस्ता सुधारला.

लहानपणी बार्शीहून कुर्डुवाडीला जाताना आम्ही वळणाची वाट बघायचो. वळणावर डब्यातूनच आपलं इंजिन पूर्ण दिसायचं, जणू दुसऱ्याच कुणाची गाडी चाललीय. मेन लाइनच्या गाडीत असं वळण कधी मिळालं नाही.

शकुंतला, माथेरान आणि बार्शी लाइट या एकाच कंपनीच्या का?

तिन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. विदर्भातली शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, ही सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. तिचेही रूळ अडीच फुटी आणि तिचाही मुख्य माल कापूस, म्हणून घोळ होतो. माथेरानचे रूळ आणखी अरुंद, दोन फुटी, आणि तिच्यामागे मुंबईचे आदमजी पीरभॉय. शकुंतलेची मालकी स्वातंत्र्यानंतरही कंपनीकडेच राहिली, बार्शी लाइटचं तसं झालं नाही.

सरकारने ती कधी ताब्यात घेतली?

१ जानेवारी १९५४ रोजी विकत घेतली आणि मध्य रेल्वेत सामील केली. देश स्वतंत्र होऊन सहा वर्षं उलटली तरी ही लंडनची कंपनी पंढरीच्या वारीचं भाडं घेत होती, हे पुष्कळांना माहीत नसतं. नाव कागदावरून गेलं, लोकांच्या तोंडातून गेलं नाही. आमच्याकडे १९९० मध्येही कोणी 'सेंट्रल रेल्वेने आलो' म्हणत नसे. 'लाइटने आलो.'

कॅलथ्रॉपचं पुढे काय झालं?

त्याने पॅराशूट बनवलं. थट्टा नाही.

आधी रेल्वेचं संपवतो. बार्शीचा प्रयोग जमल्यावर तो इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी लाइनचा इंजिनिअर झाला. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिथली इंजिनंही किट्सनचीच, एकाला त्याचंच नाव दिलेलं, आणि सुरुवातीला त्यांच्या तोंडावर हिंदुस्थानातल्या गाड्यांसारखे अवाढव्य दिवे. इंग्लंडच्या त्या हिरव्या दरीत बार्शीच्या वळणाची गाडी तीस वर्षं फिरत होती. सहसा तिकडचा नमुना इकडे यायचा, इथे उलटं झालं.

१९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून मेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने विमानातून जीव वाचवून उडी मारता येईल अशा छत्रीचा ध्यास घेतला. तिचं नाव 'गार्डियन एंजल'. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून तिची उडी मारून दाखवली गेली. पहिल्या महायुद्धात ती शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला वापरली, पण इंग्रज सरकारने आपल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना ती दिली नाही. या प्रकरणाचा त्याला शेवटपर्यंत सल राहिला असावा. १९२७ मध्ये तो वारला, म्हणजे लाइन मिरजेला पोचली त्याच वर्षी.

ब्रॉडगेज कधी झालं? जुन्या मार्गावरूनच का?

तुकड्या तुकड्याने. कुर्डुवाडी-पंढरपूर २००२ च्या आसपास, लातूरची बाजू २००७-०८ मध्ये, पंढरपूर-मिरज सगळ्यात शेवटी, २०१० च्या सुमाराला. मार्ग बराचसा जुनाच, पण एक मोठा बदल झाला. जुनी लाइन येडशीवरून परस्पर निघून जायची आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, जिल्ह्याचं ठिकाण असूनही बाजूला राहायचं. गेज बदलताना लाइन वळवून तिथून नेली. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळायला जवळपास शंभर वर्षं लागली.

लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे याच लाइनवरून गेली का?

हो. एप्रिल २०१६, दुष्काळ. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून 'जलदूत' निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत लातूरला गेली. पहिल्या फेरीला दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, नंतर पन्नास वाघिणी धावू लागल्या.

एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन नुसतं पाणी, लोखंड वेगळं. कॅलथ्रॉपचं अख्खं इंजिन तीस टनांचं नव्हतं. त्याच्या रुळांवर या गाडीचं पहिलं चाकसुद्धा टिकलं नसतं. गाडी बार्शीवरून गेली तेव्हा फाटकात लोक मोबाइल घेऊन उभे होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाघिणी मोजल्या आणि म्हणाले, "लाइटला एवढ्यासाठी पंधरा फेऱ्या लागल्या असत्या." मग जरा थांबून, "पण पोचवलं असतं."